‘काही सापडले नाही’ म्हणजे काय?

शाळेच्या प्रयोगशाळेत तळ्यातील पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काय होते, हे शिक्षकांना चांगले ठाऊक असते. एका विद्यार्थ्याला दहा-बारा प्रकारचे जीव दिसतात. त्याच काचपट्टीवरून नजर फिरवून दुसरा विद्यार्थी वहीत लिहितो, ‘काही दिसले नाही.’ थेंब तोच आणि उपकरणही तेच असते. मग फरक कोठे पडला? पहिल्याने काचपट्टी सावकाश सरकवली, कडा तपासल्या, भिंग पुनःपुन्हा जुळवले. दुसऱ्याने एकदा डोळा लावला आणि काढला. तपासायला शिक्षक जवळच असल्यामुळे दुसऱ्याची चूक लगेच उघडी पडते.

ती उघडी पाडणारे कोणी जवळ नसेल तर? मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून डॉक्टर अहवालात लिहितात, ‘काही सापडले नाही.’ रुग्ण निश्चिंत होऊन घरी जातो. अनेक देशांत अशा व्यक्तीला पुढची तपासणी दहा वर्षांनी करा, असे सांगितले जाते. आतडे खरोखरच निर्दोष होते, की होते ते नजरेतून सुटले, हे त्या दिवशी रुग्णाला कळत नाही आणि डॉक्टरलाही कळत नाही. कळलेच तर काही वर्षांनी, कर्करोगाच्या रूपाने कळते. ‘पाहणे’ किती चांगले झाले हे मोजायला वैद्यकशास्त्र कसे शिकले, त्याचा इतिहास आम्ही या लेखात सांगणार आहोत. तो फारसा जुना नाही, पण विज्ञान शिकवणाऱ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे.

काचेच्या तंतूंतून दृष्टी

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते आणि त्याला अनेक वळणे असतात. ताठ नळीने त्याचा शेवटचा वीत-दीड वीत भागच दिसे. उरलेल्या भागासाठी बेरियमचे द्रावण आत सोडून क्ष-किरण छायाचित्र काढत. त्यात लहान गाठी सहसा सुटत. वळणावळणांच्या मार्गातून प्रकाश नेता येईल का, हा मूळ प्रश्न होता.

याचे उत्तर १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेऊन दाखवले. कपानी मूळचे पंजाबातील मोगा गावचे. तंतूत शिरलेला प्रकाश बाजूच्या भिंतीवर पूर्ण परावर्तित होत होत पुढे जातो, हे तत्त्व आपण नववी-दहावीपासून शिकवतो. अडचण अशी होती की, तंतू एकमेकांना चिकटले की प्रकाश एकातून दुसऱ्यात गळत असे आणि चित्र पुसट होई. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने १९५६ च्या डिसेंबरात त्यावर उपाय शोधला. कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत जास्त अपवर्तनांकाच्या काचेची कांडी ठेवून, दोन्ही एकत्र वितळवून त्याने तंतू ओढला. प्रत्येक तंतूला काचेचेच वेष्टन मिळाले आणि गळती थांबली. त्याच विद्यापीठातील डॉ. बेझिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये अशा तंतूंची लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशातून जठरात उतरवून पाहिली आणि नंतर रुग्णावर वापरली.

मोठ्या आतड्याचा संपूर्ण प्रवास मात्र अधिक अवघड होता. न्यू यॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये लांब दुर्बीण वापरायला सुरुवात केली. त्याच वर्षी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास आत नेऊन एका गाठीच्या देठाभोवती आवळला आणि विजेच्या प्रवाहाने ती कापून काढली. तोपर्यंत अशी गाठ काढायची तर पोट उघडावे लागे. आता पाहणे आणि काढणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ लागली. १९८३ मध्ये काचतंतूंच्या जुडग्याऐवजी टोकालाच इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बसवलेली दुर्बीण आली आणि डॉक्टरांच्या एका डोळ्यापुरते असलेले दृश्य पडद्यावर सर्वांना दिसू लागले.

गाठ आणि कर्करोग

आतड्याच्या अस्तरावर मोडासारखी जी वाढ होते तिला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप धोक्याचे नसतात. त्यांतील ‘ॲडिनोमा’ या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे लागते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स यांनी १९२० च्या दशकापासून शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यांचा पद्धतशीर अभ्यास केला होता. तीच परंपरा पुढे नेत बेसिल मॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग आधीच्या ॲडिनोमातूनच उगवतात आणि या बदलाला बहुधा अनेक वर्षे लागतात.

असे असेल तर ॲडिनोमा वेळीच काढून टाकल्यास कर्करोग टळला पाहिजे. अमेरिकेतील ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ने हे तपासले. ॲडिनोमा काढलेल्या १४१८ रुग्णांवर सरासरी सुमारे सहा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. तुलनेसाठी घेतलेल्या तीन वेगवेगळ्या गटांवरून हिशेब केला तर त्यांच्यात सुमारे २१ ते ४८ कर्करोग अपेक्षित होते. प्रत्यक्षात ५ आढळले. सिडनी विनावर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोगात ७६ ते ९० टक्के घट, हा आकडा फार गाजला. या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून केलेला तुलनागट नव्हता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आतडे अतिशय कसोशीने स्वच्छ केले होते, हीही गोष्ट होती. गाजावाजात या दोन्ही गोष्टी थोड्या मागे पडल्या.

एकाच दिवशी दोनदा

सुटलेली गाठ मोजायची कशी? जे दिसलेच नाही त्याची मोजदाद कशी होणार? एक साधा मार्ग म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पाहणे. डग्लस रेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८३ रुग्णांची एकाच दिवशी लागोपाठ दोनदा तपासणी झाली. पहिल्या वेळी दिसलेल्या गाठी तेव्हाच काढल्या जात. म्हणून दुसऱ्या वेळी जे सापडेल ते पहिल्या वेळी सुटलेले, हे उघड होते.

दोन्ही वेळा मिळून सापडलेल्या ॲडिनोमांपैकी २४ टक्के पहिल्या वेळी सुटले होते. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्यांपैकी ६ टक्के सुटले होते, तर पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहानांपैकी २७ टक्के. आणि दोन्ही वेळा सुटलेल्या गाठी या हिशेबात आलेल्याच नाहीत. म्हणजे खरे प्रमाण याहून अधिकच असणार.

हा तर्क वर्गात सहज करून दाखवता येतो. छपाईच्या अनेक चुका असलेला एक कागद दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळा तपासायला द्या. समजा, पहिल्याला २० चुका सापडल्या, दुसऱ्याला १५, आणि त्यांपैकी १२ दोघांनाही सापडल्या. दुसऱ्याच्या १५ पैकी १२, म्हणजे ८० टक्के, पहिल्यालाही दिसल्या. तेव्हा पहिल्याची नजर ८० टक्के पकडते असे धरू. मग त्याला सापडलेल्या २० चुका म्हणजे एकूण चुकांचे ८० टक्के, आणि एकूण चुका २५. दोघांना मिळून २३ सापडल्या, म्हणजे सुमारे २ कोणालाच दिसल्या नाहीत. दोघांनी स्वतंत्रपणे तपासले आणि सगळ्या चुका सारख्याच अवघड होत्या, असे येथे गृहीत धरले आहे. ते गृहीत कोठे फसेल, यावर विद्यार्थ्यांशी चांगली चर्चा होऊ शकते.

घड्याळाची साक्ष

प्रत्येक रुग्णाची दोनदा तपासणी करणे शक्य नाही. रोजच्या कामातून मोजता येईल अशी खूण हवी होती. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनांनी २००२ पासून अशा खुणा सुचवायला सुरुवात केली. त्या समजण्यासाठी तपासणीचा क्रम लक्षात घ्यावा लागेल. दुर्बीण आधी आतड्याच्या पार टोकापर्यंत, म्हणजे जेथे लहान आतडे मोठ्याला मिळते त्या उंडुकापर्यंत, नेली जाते. खरे निरीक्षण होते ते ती हळूहळू मागे घेताना. आतड्याच्या आतल्या बाजूला घड्या असतात आणि प्रत्येक घडीच्या मागे डोकावून पाहावे लागते.

म्हणून खुणा अशा ठरल्या. दुर्बीण उंडुकापर्यंत पोहोचली का? मागे घेताना किती मिनिटे लागली? आतडे पुरेसे स्वच्छ होते का? आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे, लक्षणे नसलेल्या शंभर जणांची तपासणी केली तर त्या डॉक्टरला त्यांपैकी कितींमध्ये निदान एक ॲडिनोमा सापडतो? या शेवटच्या आकड्याला आपण ‘शोध-प्रमाण’ म्हणू. एकाच वस्तीतील माणसे वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेली तर त्यांच्यातील ॲडिनोमांचे खरे प्रमाण साधारण सारखेच असणार. तरीही एका डॉक्टरचे शोध-प्रमाण ३० आणि दुसऱ्याचे १० येत असेल, तर फरक रुग्णांत नसून पाहण्यात आहे.

इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील १२ डॉक्टरांच्या गटाने स्वतःचेच काम असे मोजले आणि २००६ मध्ये ते प्रसिद्ध केले. दुर्बीण मागे घेण्यास एका डॉक्टरला सरासरी ३.१ मिनिटे लागत, तर दुसऱ्याला १६.८ मिनिटे. सरासरी सहा मिनिटे किंवा अधिक वेळ घेणाऱ्यांना २८.३ टक्के लोकांमध्ये गाठी सापडल्या. घाई करणाऱ्यांना ११.८ टक्के लोकांमध्ये सापडल्या. स्वतःच्या नावापुढचा असा आकडा छापायला धैर्य लागते. सहा मिनिटांचा दंडक यानंतर जगभर रूढ झाला.

मग सगळ्यांना घड्याळ लावून दिले की झाले का? बॉस्टनच्या एका केंद्राने सात मिनिटांचा नियमच केला. नियम जवळजवळ सर्वांनी पाळला. गाठी सापडण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही, असे २००८ च्या त्यांच्या अहवालात दिसते. सावकाश पाहणारा माणूस बहुधा नीट पाहणारा असतो, पण मिनिटे भरल्याने नीट पाहणे येत नाही. तासिका पूर्ण घेणे आणि शिकवणे यांतला फरक जाणणाऱ्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

ब्रिटनने आरशात पाहिले

ब्रिटनमध्ये प्रश्न याहून मूलभूत होता. तेथील तीन विभागांतील ६८ केंद्रांमध्ये चार महिन्यांत झालेल्या ९२२३ तपासण्यांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दुर्बीण उंडुकापर्यंत पोहोचल्याचे डॉक्टरांनी सुमारे ७७ टक्के वेळा नोंदवले होते. तेथे पोहोचल्याच्या पक्क्या खुणा मागितल्यावर हा आकडा ५६.९ टक्क्यांवर आला. पहिल्या शंभर तपासण्या कोणा जाणकाराच्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर केवळ १७ टक्के होते. दर ७६९ तपासण्यांमागे एकदा आतड्याला छिद्र पडले होते. म्हणजे संपूर्ण तपासणी झाली असे समजून घरी गेलेल्या अनेकांच्या आतड्याचा वरचा भाग कोणी पाहिलेलाच नव्हता.

या पाहणीचा उपयोग कोणाला शिक्षा करण्यासाठी झाला नाही. प्रशिक्षण केंद्रे निघाली, शिकवणाऱ्यांना कसे शिकवावे याचे शिक्षण देण्यात आले आणि केंद्रांची नियमित तपासणी सुरू झाली. इंग्लंडमध्ये २००६ साली आतड्याच्या कर्करोगाची सार्वजनिक चाळणी-योजना सुरू झाली. त्या योजनेत दुर्बीण हाती घेण्यासाठी अनुभवी डॉक्टरांनाही वेगळी परीक्षा द्यावी लागे. २०११ मध्ये पुन्हा देशव्यापी मोजणी झाली. ३०२ केंद्रे, २०,०८५ तपासण्या. आता उंडुकापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण ९२.३ टक्के होते आणि छिद्र पडण्याचे प्रमाण दर अडीच हजारांत एक इतके खाली आले होते. दुर्बिणीही दरम्यान सुधारल्या होत्या, हे खरे. पण प्रशिक्षण आणि मोजणी यांच्याशिवाय एवढा फरक पडला असता, असे आम्हाला वाटत नाही.

आकड्याचा माणसांशी संबंध

एक शंका तरीही उरत होती. शोध-प्रमाण जास्त असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांना खरोखर कमी कर्करोग होतो का? की ते फक्त निरुपद्रवी बारीक गाठी गोळा करतात?

याचे उत्तर पोलंडमधून आले. तेथील राष्ट्रीय योजनेतील १८६ डॉक्टरांनी तपासलेल्या ४५,०२६ लोकांची माहिती मिखाव कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या नोंदींशी ताडून पाहिली. तपासणीनंतर, पुढच्या तपासणीची वेळ येण्याआधीच, ४२ जणांना कर्करोग झाला होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांचे शोध-प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते अशा डॉक्टरांच्या रुग्णांना असा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत दहापटीहून जास्त आढळला. ४२ हा आकडा लहान आहे, त्यामुळे ‘दहापट’ हा अंदाज ढोबळच मानावा. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातून बरीच मोठी माहिती आली. १३६ डॉक्टर आणि ३,१४,८७२ तपासण्या. तेथे शोध-प्रमाण ७.४ पासून ५२.५ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. ते एका टक्क्याने जास्त असले की पुढे कर्करोग होण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी कमी आढळत होता.

२०१७ मध्ये पोलंडच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. डॉक्टरांना दरवर्षी त्यांचा आकडा कळवला जात असे. त्या काळात सुमारे तीन चतुर्थांश डॉक्टरांचे शोध-प्रमाण वाढले. ज्यांनी वरची पायरी गाठली त्यांच्या रुग्णांमध्ये पुढे कर्करोगही कमी झाला. ‘हात जात्याच चांगला असावा लागतो’ हा समज त्यामुळे बराच ढिला पडला. पाहणे शिकता येते.

मोजपट्टीच्या मर्यादा

मापदंड तेव्हापासून चढत गेले. अमेरिकेत २००६ मध्ये शोध-प्रमाण पुरुषांत २५ आणि स्त्रियांत १५ टक्के असावे, असे ठरले होते. २०१५ मध्ये ते ३० आणि २० झाले, आणि २०२४ मध्ये ४० आणि ३०. सहा मिनिटांची आठ मिनिटे झाली. आतड्याच्या स्वच्छतेलाही गुण देतात. बॉस्टनच्या पद्धतीत आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ९ पैकी. जुलाबाचे औषध निम्मे आदल्या दिवशी आणि निम्मे तपासणीच्या दिवशी घेतले तर हे गुण वाढतात. तपासणीच्या यशात रुग्णाचा आणि त्याला नीट समजावून सांगणाऱ्या परिचारिकेचा वाटा असतो तो असा.

पण कोणत्याही गुणपत्रिकेचे जे होते ते येथेही होऊ शकते. एक ॲडिनोमा सापडला की त्या रुग्णापुरते डॉक्टरचे काम हिशेबात भागते. दुसरा शोधला काय, न शोधला काय, आकडा तोच. म्हणून दर तपासणीमागे सरासरी किती गाठी सापडल्या, हेही मोजावे असा आग्रह आता धरला जातो. चपट्या, अस्तराच्याच रंगाच्या काही गाठी ॲडिनोमाच्या व्याख्येत बसत नाहीत, तरी कर्करोगाकडे जाऊ शकतात. त्यांची मोजणी वेगळी करावी लागते.

चांगल्या तपासणीचेही सामर्थ्य अमर्याद नाही. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधील ८४,५८५ लोकांवरच्या, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तपासणीचे निमंत्रण मिळालेल्या गटात दहा वर्षांत ०.९८ टक्के लोकांना कर्करोग झाला, न मिळालेल्या गटात १.२० टक्के लोकांना. म्हणजे घट १८ टक्के. १९९३ च्या ७६ ते ९० टक्क्यांपेक्षा ही बरीच कमी दिसते. पण निमंत्रितांपैकी ४२ टक्केच तपासणीला आले होते, आणि १९९३ चे रुग्ण मुळात गाठी काढलेले होते. दोन आकडे शेजारी मांडण्याआधी ते कोणत्या प्रश्नांची उत्तरे आहेत हे पाहावे लागते.

अलीकडे गाठ दिसताच पडद्यावर चौकट उमटवणारी संगणक-प्रणाली आली आहे. तिच्या मदतीने शोध-प्रमाण वाढते, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पोलंडमधील चार केंद्रांचा २०२५ चा अभ्यास मात्र सावध करणारा आहे. प्रणाली वापरात आल्यानंतर तिच्याविना केलेल्या तपासण्यांतील शोध-प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे कारण ठामपणे सांगता येत नाही. तरीही गणकयंत्र हाती दिल्यावर पाढे विसरणारी मुले पाहिलेल्यांना तो विचार करायला लावील.

आपल्या दृष्टीने

जगात २०२२ मध्ये मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग सुमारे १९ लाख लोकांना नव्याने झाला आणि सुमारे ९ लाख त्याने दगावले. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. सरकारने २०१६ मध्ये चाळणीसाठी आखलेल्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांना स्थान मिळाले, आतड्याच्या नाही. हा क्रम आपल्याकडील रोगांच्या प्रमाणाशी जुळणारा आहे. मात्र शौचावाटे रक्त जाणे हे ‘मूळव्याधच असेल’ म्हणून अंगावर काढू नये, विशेषतः शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल किंवा रक्तक्षय असेल तर. घरात जवळच्या नात्यात हा रोग झालेला असल्यास डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची वेळ आलीच, तर तीन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. आतडे पुरेसे स्वच्छ होते का? दुर्बीण उंडुकापर्यंत पोहोचली का? तसे अहवालात लिहिले आहे का? यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. रॉकफर्डच्या बारा डॉक्टरांनी हेच प्रश्न स्वतःला विचारले होते. वर्गातही ‘काही दिसले नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चूक किंवा बरोबर ठरवण्याआधी विचारावे, ‘तू किती वेळ पाहिलेस, कोठे कोठे पाहिलेस, आणि कोणता भाग पाहायचा राहिला?’